माळवद, स्लॅब आणि विजेचे बिल

गेल्या तीस-बत्तीस वर्षांत मराठवाड्यातील खेड्यांत घडून आलेला सर्वांत मोठा बदल कोणता, असा प्रश्न कोणी केला तर उत्तरे अनेक मिळतील. कोणी डांबरी रस्त्यांचे नाव घेईल, कोणी सोयाबीनचे, कोणी मोबाइलचे. घराच्या छपराचे नाव मात्र सहसा कोणी घेणार नाही. वस्तुतः धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यात, निम्न तेरणा प्रकल्पाच्या धरणामुळे सर्वांना ठाऊक असलेल्या माकणीपासून सास्तूरपर्यंतच्या पट्ट्यात, छपराइतका मुळापासून बदल दुसऱ्या फार थोड्या गोष्टींत झाला असेल. एके काळी या भागात घर म्हणजे माळवद असे. आज घर म्हणजे स्लॅब, आणि ज्याला स्लॅब परवडत नाही त्याच्या डोक्यावर पत्रा. हा बदल कोणाच्या लहरीने झालेला नाही. त्याच्या मुळाशी एका पहाटेचा आकांत आहे. परंतु त्या बदलाचा एक खर्च असा आहे की जो दर महिन्याला भरावा लागतो, आणि घरकुलाच्या सरकारी कागदांत त्यासाठी रकाना नाही.

३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जित करून माणसे उशिरा अंथरुणाला पाठ टेकत होती. चारच्या सुमारास जमीन हादरली आणि तेव्हाच्या लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावेच्या गावे दगडमातीच्या ढिगाऱ्यांत गाडली गेली. किल्लारी, सास्तूर, होळी, पेठसांगवी, राजेगाव ही नावे त्या दिवसापर्यंत तालुक्याबाहेर फारशी कोणाला माहीत नव्हती. सरकारी नोंदीप्रमाणे मृतांची संख्या ७,९२८ झाली. भूकंप ६.२ ते ६.४ तीव्रतेचा होता. याहून मोठे भूकंप जगात अनेक ठिकाणी होतात आणि त्यांत इतकी माणसे मरत नाहीत. किल्लारीपासून दहा-पंधरा किलोमीटरवर असलेल्या माकणीच्या जलाशयाचा या भूकंपाशी काही संबंध आहे काय, यावर त्या वेळी शास्त्रज्ञांत बराच वाद झाला. तो वाद बाजूला ठेवला तरी एका गोष्टीवर सर्वांचे एकमत होते. माणसे धरणीकंपाने मेली त्याहून अधिक ती स्वतःच्या घराखाली मेली.

ते घर कसे होते, हे येथे थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. कारण पुढचा सर्व विचार त्यावर अवलंबून आहे. दख्खनच्या पठारावर काळ्या दगडाला तोटा नाही. शेतात निघालेले ओबडधोबड दगड मातीच्या गाऱ्यात रचून दोन-अडीच फूट, कोठे तीन फूट जाडीच्या भिंती उभारल्या जात. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर किलचांचा थर आणि त्यावर पांढऱ्या मातीचे जाड आवरण, असे माळवद असे. दर पावसाळ्यापूर्वी माळवदावर नवी माती टाकावयाची, ही घरोघरची रीत होती. पिढ्यान्‌पिढ्या माती पडत गेली, जुनी कोणी काढली नाही, आणि थर एक फुटाचा दीड फूट, दोन फूट झाला. एका खोलीची, म्हणजे शंभर चौरस फुटांची, फूटभर माती साडेचार टनांच्या आसपास भरते. एवढा भार डोक्यावर घेऊन माणसे निश्चिंत झोपत होती. भिंत बाहेरून भक्कम दिसे. परंतु ती एक भिंत नव्हतीच. आतला एक थर आणि बाहेरचा एक थर अशा त्या दोन भिंती असत, आणि मधल्या पोकळीत चिपा व माती भरलेली असे. दोहोंना सांधणारे, आरपार जाणारे दगड गवंड्याने क्वचितच घातलेले असत. जमीन हलताच हे दोन थर एकमेकांपासून सुटले आणि आत-बाहेर कोसळले. पुष्कळ ठिकाणी लाकडी सांगाडा उभाच राहिला आणि भिंतींनी माणसे मारली.

हे झाले त्या घराचे पाप. परंतु त्याचे पुण्यही होते, आणि ते कोणी विसरू नये. वैशाखातल्या दुपारी बाहेर चाळीस-बेचाळीस अंश तापमान असताना माळवदाखाली पंख्याशिवाय डोळा लागत असे. यात चमत्कार काहीच नव्हता. दगड आणि माती तापावयास वेळ घेतात. दुपारच्या उन्हाची धग अशा भिंतीतून आत पोहोचावयास आठ-दहा तास लागतात. तोवर रात्र होते, आणि पठारावरील रात्री मे महिन्यातही बऱ्यापैकी थंड असतात. दिवस तापलेले आणि रात्री निवलेल्या, अशा हवामानास जाड आणि जड घर अनुकूल असते, हे येथील लोक शाळेत जाऊन शिकलेले नव्हते. जुन्या गावठाणात घरे एकमेकांना चिकटून असत, भिंती सामाईक असत आणि बोळ अरुंद असत. त्यामुळे घराला उन्ह लागे ते बहुधा वरून आणि समोरून. बाकीच्या बाजू शेजाऱ्याच्या सावलीत असत. अंधार, धूर, कोंदटपणा आणि माळवदातून होणारी गळती हे दोष होतेच. जुन्या घरात सारे आलबेल होते असे म्हणणाऱ्यांनी तेथे एक पावसाळा काढून पाहावयास हवा होता.

पुनर्वसनाने काय दिले, काय नेले

भूकंपानंतर शासनाने जागतिक बँकेच्या साहाय्याने जो पुनर्वसन कार्यक्रम हाती घेतला, तो देशातील त्या काळचा अशा प्रकारचा फार मोठा कार्यक्रम होता. ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. जमीनधारणेनुसार २५० चौरस फुटांपासून ७५० चौरस फुटांपर्यंत घरांचे तीन आकार ठरले. तेरा जिल्ह्यांतील सुमारे दोन लाख घरांच्या दुरुस्तीसाठी व मजबुतीकरणासाठी अनुदान मिळाले. नवी घरे भूकंपात टिकावीत म्हणून पायावर, दारे-खिडक्यांच्या वर आणि छपराखाली सळईचे पट्टे आले, कोपरे सळयांनी बांधले गेले. या कामाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. ज्यांनी हे केले त्यांच्यापुढे प्रश्न एकच होता: पुन्हा घर माणसावर पडता कामा नये. त्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी दिले.

परंतु एका प्रश्नाचे उत्तर देताना दुसरा प्रश्न कोणी विचारलाच नाही. नवी गावठाणे नगररचनेच्या कागदावर आखली गेली. सरळ रेषेतले रुंद रस्ते आणि प्रत्येक घर आपल्या भूखंडावर सुटे. सामाईक भिंत गेली, बोळाची सावली गेली, आणि चारही भिंती उन्हात उघड्या पडल्या. जाड भिंतीच्या जागी सहा-आठ इंचांचे सिमेंटचे ठोकळे किंवा नऊ इंची वीटकाम आले. दोन फूट मातीच्या जागी चार-पाच इंचांचा स्लॅब आला. मजबुतीकरणाचे तंत्र दगडी घरांसाठीही सांगितले गेले होते. भिंतीत छिद्रे पाडून आरपार दगड किंवा काँक्रीटचे तुकडे बसवावेत, माळवदावरची माती कमी करावी, पाणी मुरू नये म्हणून तिच्याखाली प्लॅस्टिकचा कागद घालावा, कोपऱ्यांना जाळीने जखडावे, अशी ती कामे होती. बहुसंख्य कुटुंबांनी ते अनुदान जुन्या घराला न लावता त्याच्या शेजारी एक नवी खोली बांधण्यात घातले. त्यांना दोष कोण देणार? ज्याच्या घरातील तीन माणसे दगडाखाली गेली, त्याला दगड वाईट नसतो, रचना वाईट असते, हे पटवून देणे तज्ज्ञाला शोभते; त्याने ते मानावे अशी अपेक्षा करणे मात्र माणुसकीला शोभत नाही. कित्येक कुटुंबे तर चांगले घर मिळाल्यावरही वर्षानुवर्षे पत्र्याच्या शेडमध्ये निजत राहिली. पत्रा पडला तरी माणूस मरत नाही, एवढाच त्यांचा हिशेब होता.

भीती हे एक कारण झाले. प्रतिष्ठा हे दुसरे. 'स्लॅबचे घर' हे शब्द सोयरीक जुळविताना आजही वजनदार ठरतात. तिसरे कारण निव्वळ अर्थशास्त्राचे आहे. सागाच्या तुळया घेण्याची ऐपत आता बागाईतदारालाही राहिली नाही, आणि दर वर्षी माळवदावर माती टाकावयास ना घरची माणसे उरली ना मजुरी परवडत. तेव्हा माळवद परत आणा असे जर कोणी सांगू लागला, तर तो खेड्यातला प्रश्न शहरातल्या प्रदर्शनासाठी सोडवीत आहे असेच म्हणावे लागेल.

पंख्याचा हिशेब

आता स्लॅबकडे वळू या. माकणीचा अक्षांश उत्तर अठराच्या जवळपास आहे. मेच्या मध्याला या अक्षांशावर सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो. उभ्या भिंतींवर त्या वेळी ऊन जवळजवळ पडत नाही. ते सगळे छपरावर पडते. म्हणजे एकमजली घराच्या तापण्याचा मुख्य दरवाजा छप्पर हाच होय. चार-पाच इंचांचा स्लॅब ही धग साधारण तीन तासांनी आत सोडतो. भर दुपारची आग सायंकाळी पाचच्या सुमारास खोलीत उतरते आणि रात्री उशिरापर्यंत उतरतच राहते. मुलांनी अभ्यासाला बसावे, बाईने चुलीपुढे किंवा गॅसपुढे उभे राहावे, म्हाताऱ्यांनी अंग टाकावे, नेमकी ती ही वेळ. जुने घर दुपारी आसरा देत असे. नवे घर संध्याकाळी माणसाला अंगणात हाकलते. पत्र्याबद्दल तर बोलावयासच नको. तो ऊन अडवीत नाही, केवळ आत पोहोचवितो.

यावरचा उपाय सर्वांनी एकच केला. पंखा लावला, पुढे कूलर आणला. २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्रात भारनियमनाचा जो काळ गेला, तेव्हा ग्रामीण भागात दिवसाचे कितीतरी तास वीज नसे, आणि स्लॅबचे घर वीज नसताना काय असते याचा अनुभव लोकांना त्या वेळी पुरेपूर आला. माळवदाच्या घराला राहण्यायोग्य असण्यासाठी विजेची गरज नव्हती. स्लॅबच्या घराला आहे. हा फरक लहान नव्हे. जे काम भिंत आणि छप्पर फुकट करीत होते, ते आता मीटर फिरवून विकत घ्यावे लागते.

त्याचा हिशेब शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी यांच्यापैकी कोणालाही घरबसल्या करता येईल. साधा छताचा पंखा सुमारे ७५ वॅट वीज खातो. तो दिवसाकाठी पंधरा तास चालला तर महिन्याला ३४ युनिटांच्या आसपास खर्च होतो. असे तीन पंखे म्हणजे शंभर युनिटे. दोनशे वॅटचा कूलर दहा तास चालविला तर आणखी साठ. महावितरणच्या घरगुती दरपत्रकात पहिल्या शंभर युनिटांचा दर आणि त्यापुढील दोनशे युनिटांचा दर यांत जवळपास दुपटीचे अंतर आहे. म्हणजे दिवे, मिक्सर, दूरदर्शन संच हे सर्व धरून हिवाळ्यात शंभराच्या आत राहणारे कुटुंब उन्हाळ्यात वरच्या दराच्या टप्प्यात ढकलले जाते, आणि त्याला तेथे ढकलणारी गोष्ट म्हणजे त्याचे छप्पर. कूलरला वीजच लागते असे नाही. दिवसाला पन्नास लिटर किंवा त्याहून अधिक पाणीही लागते. ज्या लातूर शहराला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्याच्याच शेजारच्या या मुलखात मे महिन्यात पाणी हवेत उडवून खोली थंड करावी, यातली विसंगती वेगळी सांगावयास नको.

विजेची बचत म्हटले की आजवर सरकारने आणि समाजाने उपकरणांकडे पाहिले. ते योग्यच होते. २०१५ साली सुरू झालेल्या 'उजाला' योजनेतून देशभर ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे वाटले गेले आणि साठ वॅटच्या दिव्याचे काम नऊ वॅटमध्ये होऊ लागले. छताच्या पंख्यांना तारांकन २०२३ च्या जानेवारीपासून सक्तीचे झाले. नव्या पद्धतीच्या मोटरचा पंखा तीसेक वॅटमध्ये फिरतो. तो घेतला तर चौतीस युनिटांची चौदा होतात. ज्याला शक्य आहे त्याने तो जरूर घ्यावा. महाग वाटला तरी दोन-तीन उन्हाळ्यांत पैसे वसूल होतात. परंतु पंखा खोली थंड करीत नाही. स्लॅबने तापविलेली हवा तो अंगावर फेकतो, एवढेच. २०२४ मध्ये आलेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेत छतावरील सौर संचासाठी ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान आहे, आणि संचाची सावली स्लॅबवर पडते हा त्याचा एक लाभ फारसा कोणी मोजीत नाही. तथापि अगोदर घर तापू द्यावयाचे आणि मग ते निवविण्यासाठी वीज तयार करावयाची, हा क्रम गळक्या रांजणात पाणी भरण्यासारखा आहे. अगोदर रांजण बुजवावा, मग किती पाणी लागते ते पाहावे.

अनुदानाचे मोजमाप

हे सर्व ठाऊक असूनही घरे अशी का बांधली जातात? याचे उत्तर खर्च कोण करतो आणि भोगतो कोण, यात आहे. घरकुलाचा पैसा सरकार एकदाच देते. घर तापल्याचा खर्च कुटुंब तीस-चाळीस वर्षे भरीत राहते. देणारा चौरस फूट मोजतो, स्लॅब पडला की नाही ते पाहतो आणि खाते बंद करतो. त्याच्या दृष्टीने छप्पर स्वस्तात पडले हे यश. त्याखालच्या उकाड्याची नोंद कोणत्याही रजिस्टरात होत नाही. ठेकेदाराचेही तेच आणि शहरात सदनिका बांधणाऱ्या बिल्डरचेही तेच. बांधणारा आणि बिल भरणारा वेगळे असले म्हणजे बांधकामातली काटकसर नेहमी बिल भरणाराच्या खिशातून होते. अर्थशास्त्राच्या पुस्तकात या गोष्टीला निराळे नाव असेल. गावात तिला सरकारी काम म्हणतात.

१९९४ नंतर बांधलेल्या लहानात लहान घराचे क्षेत्र २५० चौरस फूट होते. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २७० चौरस फूट ठेवले गेले आणि सपाट प्रदेशासाठी मूळ साहाय्य १ लाख २० हजार रुपये ठरले. या रकमेत घर होत नाही, लाभार्थ्याला पदरचे किंवा सावकाराचे पैसे घालावे लागतात, हे कोणीही गावकरी सांगेल. त्यातही काळ्या जमिनीत पाया खोल न्यावा लागतो आणि रकमेचा मोठा भाग जमिनीखालीच गडप होतो. उरलेल्या पैशात माणूस छज्जा गाळतो, खिडकी लहान करतो आणि समोरासमोर दुसरी खिडकी ठेवीत नाही. त्याला उष्णतेचे शास्त्र शिकविण्याआधी त्याच्या हातात किती शिल्लक राहते, ते पाहिले पाहिजे.

केंद्र सरकारने डिसेंबर २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी 'इको निवास संहिता' जाहीर केली. भिंतींतून किती उष्णता आत यावी, छपरातून किती यावी, याच्या मर्यादा तिने घालून दिल्या. दस्तऐवज चांगला आहे. मात्र तो ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांवरील इमारतींसाठी आहे. म्हणजे ज्याच्याकडे वातानुकूलन यंत्र घेण्याची ऐपत आहे त्याच्या इमारतीला संहिता. आणि ज्याच्याकडे एक पंखा आहे त्याच्या २५ चौरस मीटरला काहीच नाही. घरकुल योजनेतून बांधल्या जाणाऱ्या घरांची संख्या कोटींत आहे. एवढी घरे सरकारी पैशातून बांधताना छपराच्या उष्णतेचा एकही दंडक नसावा, ही केवळ अनवधानाची गोष्ट म्हणून सोडून देता येण्यासारखी नाही.

भूकंपाच्या बाबतीत मात्र हेच सरकार वेगळे वागले होते. सळईचा पट्टा घातल्याखेरीज अनुदानाचा पुढचा हप्ता नाही, असा दंडक तेव्हा होता, आणि गवंडी तो शिकले. आज त्या भागातील कोणताही अनुभवी गवंडी दारे-खिडक्यांवरचा पट्टा न सांगता घालतो. तीस वर्षांपूर्वी त्याला तो शब्दही माहीत नव्हता. पैसा, तपासणी आणि भीती एकत्र आली की बांधण्याची रीत बदलते, याचा इतका ढळढळीत पुरावा दुसरीकडे शोधावयास नको. उकाड्याबाबत भीती कमी आहे हे खरे. ऊन एका पहाटेत आठ हजार माणसे मारीत नाही. ते म्हातारी, आजारी आणि शेतात राबणारी माणसे एकेक करून, निरनिराळ्या कारणांच्या नावाखाली नेते.

जुन्यातले काय घ्यावे

दगड सर्वथा त्याज्य आहे असेही नाही. भारतीय मानक ब्यूरोने १९९३ मध्येच दगडमातीच्या, कमी ताकदीच्या बांधकामांसाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. दगडी भिंत साडेचारशे मिलीमीटरपेक्षा, म्हणजे दीड फुटापेक्षा, जाड नसावी, तिच्यात ठराविक अंतरावर आरपार दगड असावेत, तिला पट्टे असावेत, असे त्यांत म्हटले आहे. दीड फुटाची अशी बांधलेली भिंत भूकंपात टिकू शकते आणि उन्हाळ्यात सुसह्यही असते. सिमेंट आणि भट्टीची वीट तयार करताना जो कोळसा जळतो तोही वाचतो. ज्यांच्या मनातली १९९३ ची भीती गेलेली नाही त्यांनी वीट वापरावी. विटेतही लॉरी बेकर यांनी केरळात रूढ केलेली, विटा उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवण्याची पद्धत आहे. तिने विटा सुमारे पाव हिश्श्याने वाचतात आणि पोकळीतली हवा उष्णता रोखते. बेकर यांचीच स्लॅबच्या खालच्या भागात जुनी मंगलोरी कौले किंवा मडकी बसविण्याची रीत सिमेंट वाचविते आणि छप्पर हलके करते. तेरणेच्याच काठी, माकणीच्या वरच्या अंगाला असलेल्या तेर येथे, सातवाहनकालीन वैभवाच्या त्या गावी, पाण्यावर तरंगणाऱ्या हलक्या विटा सापडल्या आहेत. वीट जड असली तरच भक्कम, हा समज निदान या नदीला तरी नवा आहे.

परंतु नव्या घरांपेक्षा जुन्या स्लॅबांचा प्रश्न मोठा आहे. ते पाडून कोणी नवे घालणार नाही. त्यांच्यासाठी सर्वांत स्वस्त उपाय चुन्याचा आहे. गच्चीवर चुन्याचे दोन-तीन हात दिले तर काळपट स्लॅबवर पडणाऱ्या उन्हाचा मोठा भाग परत जातो आणि खोलीचे तापमान दोन-चार अंशांनी उतरते. अडीचशे चौरस फुटांच्या छतासाठी लागणारा चुना काही शे रुपयांत येतो. पावसाने तो धुपतो, म्हणून दर वर्षी होळीनंतर तो पुन्हा द्यावा लागतो. माळवदावर दर वर्षी माती टाकणाऱ्या घरांना ही शिस्त नवी नाही. टोपल्यांऐवजी कुंचला, एवढाच फरक. ज्यांच्याकडे पैसे आहेत त्यांनी पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांची गच्ची करावी. पश्चिमेच्या भिंतीवर वेल किंवा झाड हवे. छज्जा किमान दीड फुटाचा हवा. वाऱ्याच्या दिशेला समोरासमोर दोन खिडक्या हव्यात आणि रात्री त्या उघड्या राहाव्यात. यातले काहीही परदेशातून आणावयाचे नाही.

शेजारच्या तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छपरांचे धोरण जाहीर केले. सरकारी इमारती व सरकारी पैशातील घरे यांना ते लागू केले. हा जिल्हाही एके काळी निजामाच्या हैदराबाद राज्यात होता आणि उन्हाळा दोन्हीकडे सारखाच आहे. तेव्हा तेथे जे व्यवहार्य ठरले ते येथे का ठरू नये, एवढा प्रश्न मुंबईला विचारण्यास हरकत नाही.

पगारदार वर्गाकडेही येथे बोट दाखविले पाहिजे. लातूर, धाराशिव, उमरगा येथल्या वसाहतींत शिक्षक आणि कारकून कर्ज काढून जी घरे बांधतात, त्यांचेच अनुकरण खेडी करतात. त्या घरांच्या नकाशात गाडीची जागा असते, दर्शनी भागाला काच असते, वास्तुशास्त्राचा सल्ला असतो. परंतु सूर्य कोणत्या बाजूने मावळतो याचा विचार क्वचितच असतो. झोपण्याची खोली पश्चिमेला, तिच्यावर उघडा स्लॅब, आणि मग त्या खोलीसाठी हप्त्यावर घेतलेले वातानुकूलन यंत्र. घराचा हप्ता वीस वर्षांनी संपतो. यंत्राच्या बिलाला असा शेवट नाही.

घरकुलाचे हप्ते आज बांधकामाच्या टप्प्यांची छायाचित्रे पाहून दिले जातात. जोते झाले की छायाचित्र, छप्पर पडले की छायाचित्र. शेवटच्या हप्त्यापूर्वी पांढऱ्या गच्चीचे आणि छज्ज्याचे एक छायाचित्र मागविले तर तपासणीचा खर्च वाढत नाही. चुन्याचे पैसे रोजगार हमीच्या मजुरीप्रमाणे साहाय्यात स्वतंत्रपणे मिळाले पाहिजेत, एवढीच अट. तसा आदेश निघेल तेव्हा निघेल. १ मे रोजी महाराष्ट्रात गावोगाव ग्रामसभा भरते, आणि ती भरते नेमकी त्या दिवसांत की जेव्हा स्लॅबखाली सभा घेणे कोणाला नको असते. गावातील शाळा, अंगणवाडी आणि ग्रामपंचायत कार्यालय यांच्या गच्च्यांना त्याच आठवड्यात चुना देण्याचा ठराव त्या सभेपुढे मांडण्यास कोणत्याही नव्या शासननिर्णयाची वाट पाहावी लागत नाही.